आजोबांची वही आणि केपटाऊनचा ठेवा

प्रश्न: माझी मैत्रीण लग्न होऊन दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या बो-काप या जुन्या मुसलमान वस्तीतल्या घरात गेलीय. तिथे सासऱ्यांच्या आजोबांची हाताने लिहिलेली जुनी वही निघाली, लिपी अरबी पण अरबी जाणणाऱ्यालाही लागत नाही. लॅमिनेट करून ठेवायची म्हणतात, करू का?

उत्तर: ताई, लॅमिनेट अजिबात नको! एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद परत सुटा होत नाही. सेलोटेपही नको, अ‍ॅसिड-फ्री (कागद पिवळा न पाडणाऱ्या, आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याच्या) बॉक्समध्ये कोरड्या जागी ठेवा, बास.

आता लिपीचं. ती भाषा बहुतेक मलय किंवा आफ्रिकान्स (डचमधून तयार झालेली तिथली भाषा) असेल, कारण डचांनी आशियातून गुलाम आणि कैदी म्हणून आणलेल्या तिथल्या मुसलमानांनी या दोन्ही भाषा अरबी अक्षरात लिहिल्या, तुर्कस्तानातून तिथे पाठवलेले धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचा आफ्रिकान्समधला धर्मग्रंथ तर १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. आणि त्याआधीचे तुआन गुरू नावाचे धर्मगुरू, आताच्या इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरून १७८० मध्ये कैद करून आणलेले, त्यांनी आठवणीतून अख्खं कुराण लिहून काढलं, विचार करा, हातात पुस्तक नाही, सगळं डोक्यात! त्यांच्या हातचं कुराण आजही डॉर्प स्ट्रीटच्या अव्वल मशिदीत जपलंय.

असल्या वह्या तिथे 'किताब' म्हणून घराघरात आहेत, म्हातारी माणसं गेली की वाचणारं कुणी उरत नाही, मला याचीच जास्त काळजी वाटते. म्हणून आधी प्रत्येक पानाचा नीट फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, आणि सासऱ्यांना वही कुणाची, कुणी शिकवलं ते विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा, हे या आठवड्यातच करा.