‘बाबा म्हणतात, संपकरी माजलेत’ : पेन्शनसाठी सरकारी नोकरी करू का?

पत्र, थोडक्यात : मी 23 वर्षांची आहे, बी.कॉम. झालंय. दोन वर्षं गट-ब आणि गट-क च्या परीक्षांची तयारी करतेय. बाबा 26 वर्षांपासून खासगी कारखान्यात आहेत. मामा 2009 पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 ला सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यात तो होता. परवा जेवताना तो विषय निघाला. बाबा म्हणाले, ‘आयुष्यभर पगार घ्यायचा, वर म्हातारपणीही आमच्याच करातून पोसायचं? माजलेत नुसते.’ मामा ताटावरून उठून गेला. सर, खरं सांगायचं तर मीसुद्धा पेन्शनकडे बघूनच अभ्यास करतेय. लोक शिव्या घालतात त्या रांगेत जाऊन बसू का? आणि मुलाखतीत ‘तुम्ही संपात उतरला असता का’ असं विचारलं तर काय सांगू?

उत्तर :

पेन्शनकडे बघून अभ्यास करतेस, तर आधी कोणत्या पेन्शनकडे ते पाहू. कारण जी तुझ्या डोळ्यांसमोर आहे ती बहुधा तुझ्या आजोबांच्या पिढीची आहे.

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर जे शासकीय सेवेत आले, त्यांना जुनी पेन्शन नाही. (त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. योगायोगच, पण कर्मचारी अजून त्यावरून कडवट विनोद करतात.) जुन्या योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा, त्यावर महागाई वाढेल तशी वाढ, आणि पगारातून त्यासाठी कपात शून्य. नव्या योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के तुझे, 14 टक्के सरकारचे. ते पैसे बाजारात गुंतवले जातात आणि निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतला किमान 40 टक्के भाग विमा कंपनीकडे वार्षिकीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत, ठेवावा लागतो.

समज, निवृत्त होताना 50 लाख जमले. त्यातले 20 लाख वार्षिकीत गेले आणि 6 टक्के दर मिळाला, तर महिन्याला 10,000 रुपये हातात येतात आणि ते वाढत नाहीत. उरलेले 30 लाख तुझ्याकडे असतात, ते सांभाळायचे तूच. याउलट 60,000 मूळ वेतनावर निवृत्त झालेल्या जुन्या माणसाला 30,000 अधिक महागाई वाढ. तुझा मामा 2009 चा. त्याच्या शाळेत 2004 ला लागलेला कुणी असेल, तर दोघं एकाच फळ्यावर शिकवतात आणि म्हातारपणाचे हिशेब मात्र असे वेगवेगळे. त्याला राग का येतो, हे एवढ्यावरून कळतं.

आता बाबांचा राग. त्यासाठी त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो.

14 मार्च 2023 ला संप सुरू झाला. एका विद्यार्थ्याच्या दाखल्यासाठी मी त्याच्याबरोबर एका तहसील कार्यालयात गेलो होतो. दाराला कुलूप, बाहेर मांडव, मांडवात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ छापलेल्या टोप्या घातलेले कर्मचारी. बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा चालू होत्या, त्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झालेली. पायरीवर एक शेतकरी मोबाइल हातात धरून बसला होता. येईल त्याला फोटो दाखवायचा : गहू पूर्ण आडवा झालेला. म्हणाला, ‘पंचनामा होईना, तलाठी संपावर. आता हा काढू का तसाच ठेवू? काढला तर पंचनामा कशाचा करणार? ठेवला तर कुजतोय.’

त्याला मी काय सांगणार होतो?

मांडवातल्या एका लिपिकाला मी ओळखत होतो. त्याच्याकडे गेलो आणि जरा तिखटच बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, ‘सर, आमच्यातला एक जण नवव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. त्याच्या बायकोच्या हातात काय पडलं ते विचारून या, मग बोलू.’ नव्या योजनेतल्या माणसाचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर घरच्यांना जुन्यासारखं कुटुंबनिवृत्तिवेतन नव्हतं. ते आणि मृत्यूचं उपदान (ग्रॅच्युइटी) देण्याचा शासन निर्णय निघाला तो संप मिटल्यावर, मार्च संपता संपता.

पायरी आणि मांडव यांच्यात जेमतेम वीस पावलं होती. शेतकऱ्याला त्या विधवेची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आणि लिपिक मांडवातून उठून गव्हाचा फोटो बघायला आला नव्हता. त्या दिवशी मला दोघांचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

संपाबद्दल लोक काय बोलतात, यावर मी बरंच ऐकलंय आणि बरंच बोललोयही. माझं मत असं झालंय की ‘माजलेत’ या शब्दात बहुतेक वेळा ‘आम्हाला का नाही?’ हे दडलेलं असतं. 2023 च्याच सुरुवातीला फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय 62 वरून 64 करण्याविरुद्ध संप झाले. रेल्वे बंद, पॅरिसमध्ये रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग, तरी मतचाचण्यांमध्ये बहुसंख्य लोक आंदोलनाच्या बाजूनं. कारण तिथं खासगी नोकरीतल्या माणसाचंही वय वाढणार होतं. आपल्याकडे संपकरी जे मागत होते ते बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना कधी मिळालेलंच नाही. तुझ्या बाबांना मामाच्या पेन्शनबद्दल ममत्व वाटावं ते कशाच्या जोरावर?

पण लोकांचं बोलणं वेगळं आणि संघटित मतांचं वजन वेगळं, हेही सरकारी नोकरीत जाणाऱ्या मुलीनं ओळखून ठेवावं. डिसेंबर 2022 ला नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा येईल, राज्य दिवाळखोरीत जाईल. दोनच महिन्यांत विधान परिषदेचा नागपूर शिक्षक मतदारसंघ भाजपच्या बाजूच्या उमेदवारानं गमावला, आणि प्रचारात जुनी पेन्शन हाच मुख्य मुद्दा होता. मग भाषा मवाळ झाली. संप 20 मार्चला आश्वासनावर मिटला. पुढे 25 ऑगस्ट 2024 ला राज्य मंत्रिमंडळानं केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारायला मान्यता दिली. तिच्यात 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, किमान 10 वर्षांच्या सेवेला दरमहा निदान 10,000, आणि मृत्यूनंतर जोडीदाराला पेन्शनच्या 60 टक्के. पगारातली 10 टक्के कपात मात्र राहतेच. रुजू झाल्यावर ‘नवी योजना की एकीकृत’ असा पर्यायाचा फॉर्म समोर आला तर शेजारचा काय भरतो ते बघून भरू नकोस.

मुलाखतीचा प्रश्न. ज्या पदांना मुलाखत असते तिथं विचारतात, अगदी विचारतात. 2003 ला तमिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही. महाराष्ट्राच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. पण 1982 च्या नकारा खटल्यात (तोही सरकारी पेन्शनचाच) त्याच न्यायालयानं सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. हे दोन्ही तुला माहीत असलं पाहिजे. ‘मी कधीच संप करणार नाही’ असं छातीठोक सांगितलंस तर पॅनेलला ते पाठ केलेलं वाटेल, आणि बहुधा असेलही. त्यापेक्षा असं सांग : नियम काय ते मला ठाऊक आहेत, मागणी मला न्याय्य वाटते की नाही ते असं असं, आणि माझ्या टेबलावर पंचनाम्यासारखं काम असेल तर ते थांबवून मी मागणी करणार नाही. शेवटचं वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तर म्हणू नकोस. ते कळतं.

आणि नोकरीचं? पेन्शन हे एकच कारण असेल तर मी तुला थांबवीन. 23 व्या वर्षी लागलीस तर 58 व्या वर्षी निवृत्त होशील, म्हणजे मधली 35 वर्षं. माझ्या आयुष्यात पेन्शनचा नियम दोनदा बदललेला पाहिलाय, तुझ्या नोकरीत किती वेळा बदलेल याची हमी कोण देणार? रोज सकाळी खिडकीपलीकडे माणसं उभी असणार, त्यांची कागदपत्रं अपुरी असणार, त्यातले अर्धे तुझ्या बाबांसारखे आधीच चिडलेले असणार. ते काम करायला आवडेल का, याचा विचार पत्रात कुठंच दिसला नाही. एखाद्या तलाठी कार्यालयात दोन दिवस नुसतं बसून बघ. आणि बी.कॉम. आहेस तर तयारी चालू असतानाच टॅली आणि जीएसटीचं काम शिकून ठेव. तिसऱ्या वर्षीही यादीत नाव आलं नाही तर हात रिकामे नकोत.

राहिलं बाबांचं. मामाच्या पेन्शनवर वाद घालण्यापेक्षा त्यांचीच पेन्शन त्यांच्याबरोबर बसून काढ. खासगी नोकरीत पीएफच्या जोडीला ईपीएस-95 ही कर्मचारी पेन्शन योजना असते. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के तिकडे जातात, तेही 15,000 रुपये वेतन धरूनच. सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. 15,000 आणि 26 वर्षं धरली तर साडेपाच हजारांच्या आसपास, आणि सप्टेंबर 2014 पूर्वीच्या वर्षांना 6,500 चीच मर्यादा लागते म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. यावर महागाई वाढ नाही. हा आकडा बघितल्यावर ते त्या रात्री एवढे का भडकले ते तुला कळेल. त्यांचा यूएएन क्रमांक (पीएफचा ओळख क्रमांक) घे, पीएफचं पासबुक उघड, सेवेची सगळी वर्षं नोंदलेली आहेत का ते बघ. मध्ये कारखाना बदलला असेल तर जुन्या खात्यातली वर्षं जोडून घ्यायची राहिलेली असतात, आणि जन्मतारखेत किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला तर ती दुरुस्ती ते निवृत्त व्हायच्या आधीच करून घे.