गेल्या सालचं नको

प्रश्न : काकू, मी फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या इतिहासाच्या नोट्समध्ये फॅशन पॅरिसला सुरू होते आणि भारत, जपान, आफ्रिका शेवटच्या धड्यात ‘पारंपरिक वेशभूषा’ म्हणून उरकतात. दिवाळीत घरी हे सांगितलं तर आजी म्हणाली, “आमच्या टायमाला काय कमी फ्याशन होती का, माय!” मी हसले. ती दोन दिवस बोलली नाही. बरोबर कोण?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : आधी आजीची समजूत काढ, मग पुढचं वाच.

माझ्या वडिलांचं जालन्यात लुगड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गादीवर बसून घड्या घालायचे. कापसाचे पैसे हातात आले की आसपासच्या खेड्यांतल्या बाया यायच्या. इरकलीचा ढीग पुढ्यात पडायच्या आधीच त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : “गेल्या सालचं नको.” गोमी काठ? तो तर सगळ्या गल्लीत झाला! वडील वैतागायचे. माग तोच, विणकर तोच, दर साली नवं कुठून आणू? तरी आणायचेच. फॅशन म्हणजे याहून निराळं काय, ते तुझ्या नोट्सना विचार.

पॅरिसचं श्रेय पॅरिसला देऊ. चार्ल्स वर्थनं तिथं १८५८ मध्ये दुकान मांडलं आणि कपड्याला आतून स्वतःच्या नावाची पट्टी लावली. (गृहस्थ मूळचा इंग्रज, हे तुमच्या नोट्समध्ये आहे का?) शिंप्याचं नाव गिऱ्हाइकाहून मोठं झालं, तेवढं खरं. पण नव्याची हौस त्याच्या आधीची आहे. जपानात १६६० च्या दशकातच किमोनोच्या नक्षीची छापील पुस्तकं निघत होती. त्यांतून नमुना पसंत करायचा. पुढं सरकारनं व्यापाऱ्यांच्या भपक्यावर बंदी आणली, तर त्यांनी वरून साधा कपडा घातला आणि उंची रेशीम अस्तराला लावलं. आणि आफ्रिकेतल्या झांझिबारकडचा कांगा बघ, बायकांनी अंगाला गुंडाळायचं कापड. त्याच्यावर स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, म्हण किंवा टोमणा. शेजारणीला काही सुनवायचं असेल तर तशा ओळीचा कांगा गुंडाळून तिच्या दारावरून जायचं. आमच्या गल्लीत ही सोय असती तर नळावरची निम्मी भांडणं मुक्यानं झाली असती.

आता आपल्या मुलखाकडं ये. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वाटाड्या ग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण आहे आणि तगरही आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. तिथलं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जायची आणि तिथून समुद्रापार. तेव्हा पॅरिस कुठं होतं म्हणा!

मला सगळ्यात लाडका मात्र मशरू. मुसलमान पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावायचं नाही, असा दंडक. मग विणकरांनी असं कापड काढलं की रेशीम वर आणि सूत अंगाकडं. नावाचा अर्थच ‘चालेल असं’. धर्मही राखला आणि मिरवणंही. असं डोकं चालवणाऱ्या विणकराला ‘पारंपरिक’च्या खोलीत कोंडून कडी लावायची, हे मला पटत नाही.

आमच्या आजोबांची हिमरूची, म्हणजे सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाची, शेरवानी होती. निजामाच्या कचेरीत जायचं तर तीच. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर ती ट्रंकेत गेली, ती पुन्हा निघाली नाही; डोक्यावर पांढरी टोपी आली. आजी म्हणायची, एका आठवड्यात माणूस वळखू येईना झाला.

तेव्हा असं कर. वही घेऊन तुझ्या आजीजवळ बस. लुगडं सोडून सहावारी कधी नेसली, गल्लीत पहिली कोण नेसली, सासू काय बोलली, झंपराची बाही कोणत्या साली वर गेली, नायलॉन पहिल्यांदा कुणाच्या अंगावर बघितलं, सगळं सालासकट लिही. साल आठवत नसेल तर दुष्काळ, लग्न, बाळंतपण यांवरून ती काढून देईल. ७२ चा दुष्काळ तर कुणालाच विचारावा लागत नाही. सरांनी ‘पारंपरिक’ म्हटलं की एवढंच विचार : कोणत्या सालापासून?

प्रश्न : संभाजीनगरहून हिमरूची शाल आणली. मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबतात. शेजारीण म्हणते, फसलात, अस्सल कापड दोन्हीकडून सारखं असतं. खरं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : शेजारणीनं पैठणीची परीक्षा हिमरूला लावली. पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या जागेपुरता गुंतवून मागं फिरवतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. हिमरूत नक्षीचा बाणा जादा असतो. नक्षी नाही तिथं तो मागं मोकळा सुटतो. ऊब त्याचीच. मात्र मोकळे धागे आहेत म्हणजे हातमागच, असंही नाही. यंत्रावरच्या मालालाही ते असतात. बांगडीत अडकत असतील तर आतून मलमलीचं अस्तर लावून घ्या. धागे कापू नका.