ज्यूल गोनँ कोण होते? त्यांची शस्त्रक्रिया आजही होते का?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. गोनँनी केली तशी शस्त्रक्रिया आज कोणी करत नाही. पण डोळ्याचा पडदा (आतला प्रकाश टिपणारा पातळ थर, रेटिना) सुटल्यावर आजही जे उपचार होतात, ते त्यांनीच शोधलेल्या कारणावर उभे आहेत. माझ्या वडिलांचा डावा डोळा त्यामुळे वाचला, आणि तेव्हापासून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

गोनँ स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे, जन्म १८७० चा. तिथल्याच नेत्ररुग्णालयात मार्क द्यूफूर यांच्या हाताखाली ते तयार झाले. तेव्हा मोतीबिंदू काढता येत होता, काचबिंदूवरही शस्त्रक्रिया होत होत्या, पण पडदा सुटला की डोळा गेल्यात जमा. रुग्णाच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्याला आठवडेच्या आठवडे उताणं झोपवून ठेवत. पडद्यामागे साठलेलं पाणी सुईने काढत, ते पुन्हा भरे. १९१२ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांकडे चौकशी केली गेली, तेव्हा बरे होणारे रुग्ण हजारात एखादाच निघाले.

पडद्याला भोकं असतात हे इतरांनीही पाहिलं होतं. पडदा सुटला म्हणून तो फाटतो, असं बहुतेकांना वाटे. गोनँनी काढून टाकलेले डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि नेमकं उलट सांगितलं: डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ पडद्याला ओढतो, पडदा फाटतो, त्या भोकातून पाणी मागे शिरतं आणि मग पडदा सुटतो. भोक तसंच ठेवून पाणी काढणं म्हणजे फुटक्या होडीतलं पाणी उपसत बसणं.

त्यांच्या कामातला मला सर्वात भावलेला भाग शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी करून ते पडद्याचा कानाकोपरा तपासत, भोक सापडेपर्यंत. ते घड्याळाच्या कुठल्या तासावर आहे आणि कडेपासून किती आत आहे, हे मोजून तीच जागा डोळ्याच्या बाहेरून ठरवत. मग तिथे पांढऱ्या आवरणाला बारीक छेद देत, पाणी वाहू देत आणि तापवलेलं टोक काही क्षण आत घालून भोकाच्या कडा डागत. तो व्रण भरून येताना पडदा तिथे चिकटून बसे. मोजमाप एक-दोन मिलिमीटर चुकलं तर सगळी मेहनत वाया!

लोकांचा विश्वास बसायला वर्षं लागली. १९२० मध्ये ते लोझानला प्राध्यापक झाले, पण जगाने मान्य केलं ते १९२९ च्या अॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत. त्यानंतर देशोदेशीचे सर्जन लोझानला शिकायला येऊ लागले. १९३४ मध्ये त्यांचा पडदा सुटण्यावरचा मोठा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचे शिष्य मार्क आम्सलर. वयस्कर लोकांना घरी नजर तपासायला जो चौकटींचा कागद देतात, तो यांचाच.

डागण्याची जागा लवकरच विजेच्या उष्णतेने घेतली, पुढे गोठवणं, लेसर, बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवणं, आतली जेली काढून वायू किंवा तेल भरणं असे मार्ग आले. भोक शोधून ते बंद करणं मात्र प्रत्येकात आहेच.

वडिलांना आधी डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं, मग काळे ठिपके, मग खालच्या कोपऱ्यातून सावली वर चढू लागली. मोतीबिंदू असेल म्हणून आम्ही तीन दिवस घालवले. तुमच्या घरात कोणाला असं झालं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांनी तपासता तपासता कागदावर एक वर्तुळ काढलं, सुटलेला भाग निळ्या पेन्सिलीने रंगवला आणि अकराच्या तासावर घोड्याच्या नालेसारखी लहानशी लाल खूण काढून म्हणाल्या, "भोक इथे आहे." तो कागद मी जपून ठेवलाय.