डबा रिकामा का द्यायचा नाही

प्रिय बाळा,

परवा तू विचारलंस, "आई, शेजारच्यांचा डबा परत देताना त्यात काही घालायलाच हवं का? मग ते प्रेम कसलं, उधारीच ना?" प्रश्न लागला मला. कारण बायबलात लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूही जवळपास तुझंच बोलतो: जे परतफेड करू शकत नाहीत, त्यांना जेवायला बोलव.

नगरला आजीच्या घरी मात्र डबा कधीच रिकामा जात नसे. भांड्यांवर नावं घातलेली असायची, म्हणून कुठला डबा कुणाचा हे पोरांनाही कळे. पण पुरणपोळी आली म्हणून पुरणपोळीच परत गेली, असं नव्हतं. दोन लिंबं, मूठभर शेंगा, कढीपत्त्याचा टाळा, काहीच नसेल तर चमचाभर साखर. आणि दुसऱ्याच दिवशी घाई नाही. तोलून-मापून, लगेच परत केलं की ती उधारी होते; चार दिवस जाऊ दिले आणि घरात जे असेल ते घातलं की तो नुसता निरोप. दिवाळीचा फराळ आमच्याकडे यायचा, नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्या त्यांच्याकडे जायच्या. मधल्या दोन महिन्यांत हिशेब कोण ठेवणार?

तरी तुझी शंका खोटी नाही. घालायला काही नाही म्हणून कुणीतरी डबा फळीवर ठेवून देतं, मग लाजेनं येणंच बंद होतं. असंही होतं. रीत माणसाला अडवायला लागली तर ती सोडावी, असं मला वाटतं.

दुःखाच्या घरी तर ती सोडलेलीच आहे. तिथून डबा मागायचा नाही. तिथे न्यायचं पिठलं-भाकरी तू शिकून ठेव, इथेही उपयोगी पडेल. दहा माणसांना पाव किलो बेसन, दोन लिटर पाणी, दीड किलो ज्वारीच्या पिठाच्या वीस भाकऱ्या. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालव. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलंस तर गुठळ्या होतात. पिठलं गार होताना घट्ट होतं, म्हणून चुलीवरून उतरवताना पातळच वाटलं पाहिजे. भाकऱ्या फडक्यावर निवू दे, मग गुंडाळ. गरम असताना डब्यात कोंडल्या तर वाफेनं चिकट होतात. कडकडीत पिठल्यावर झाकण घट्ट बसवलं तर गार झाल्यावर ते आत ओढलं जातं, उघडता उघडत नाही. इथे फॉइलचा ट्रे ने, म्हणजे त्यांना घासायचं आणि परत द्यायचं ओझं नको. तिखट कमी घाल. आणि पहिले तीन दिवस सगळेच आणतात. तू दहाव्या-बाराव्या दिवशी जा, तेव्हा कुणी नसतं.

तुला आजीकडच्या भिंतीवरच्या तसबिरीतले कवी नारायण वामन टिळक आठवतात? 1893 साली रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी त्यांच्याशी अदबीनं बोलला, संस्कृत कवितेवर गप्पा मारल्या, उतरताना नवा करार हातात दिला. 1895 साली टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्यांची भजनं आपण आजही उपासनेत म्हणतो. ते पुस्तक एरवी कुणी दिलं असतं तर त्यांनी उघडलं असतं का, कोण जाणे. आधी तो माणूस सोबत बसून नीट बोलला, हे मला त्यात मोठं वाटतं. त्या प्रवाशाला कुणी काय परत द्यायचं होतं? तुझ्या बाजूनं बोलणारं हे उदाहरण मीच देते आहे, कळतंय मला.

शेजारच्यांचा निळ्या झाकणाचा डबा ओट्यावर आहे. धुऊन कोरडा केलाय. ओलसर बंद केला की वास धरतो. तुला वाटलं तर तसाच देऊन ये, मी काही म्हणणार नाही. शंकरपाळ्या डावीकडच्या कपाटात, वरच्या बरणीत आहेत.

तुझी,
आई