गिटार कुरियरने पाठवताना हेडस्टॉक (तारा पिळायच्या खुंट्या असतात ते वरचं टोक) तुटू नये म्हणून काय करायचं, आणि तुटलाच तर?

सगळ्यात आधी तारा एक-दोन सूर ढिल्या कर, पूर्ण काढू नकोस. अकूस्टिक गिटारच्या स्टीलच्या 6 तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास असतो, त्यात बॉक्स पडला की झटका थेट नटच्या (हेडस्टॉकच्या तोंडाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) मागे, जिथे नेक म्हणजे गिटारचा दांडा सगळ्यात बारीक असतो तिथेच बसतो. गिब्सन कंपनीच्या गिटारसारखा मागे झुकलेला हेडस्टॉक असेल तर विचारूच नको, तिथे लाकडाचे रेषे आडवे कापले जातात म्हणून पटकन चीर जाते, फेंडर कंपनीचा सरळ असतो तो बराच वाचतो.

हार्डकेस असली तरी आत हेडस्टॉकखाली आणि दोन्ही बाजूंनी जुने टीशर्ट ठासून भर, मग बॉक्स हलवून बघ, आत काही हललं तर पॅकिंग परत कर. फ्रॅजाइलच्या स्टिकरवर माझा तरी काडीचा विश्वास नाही.

माझी एकदा चीर पडूनच आली होती. आधी फोटो काढ, तारा सोड आणि प्लीज फेविक्विक लावू नकोस, नंतर कारागिराला नीट जोडताच येत नाही. स्वच्छ चीर असेल तर वुड ग्लू आतपर्यंत मुरवून 24 तास क्लॅम्पमध्ये ठेवतात, माझी अजून तशीच वाजतेय.