फिश घ्यावा की साधा बॅशच बरा?

फिश आणि बॅश हे दोन्ही शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारे प्रोग्रॅम. तुमचा प्रश्न असा की फिशच्या आपोआप येणाऱ्या सूचना आवडल्यात, पण हाताला सवय लागली तर परक्या सर्व्हरवर अडेल का? टाइप करायला फिश बिनधास्त घ्या. स्क्रिप्ट (कमांड लिहून ठेवलेली फाइल) मात्र एसएच या साध्या, मूळ शेलमध्येच लिहा.

मी इथं कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर सांभाळतो. लॅपटॉपवर फिशच आहे. दोन अक्षरं टाइप केली की मागची अख्खी कमांड फिकट राखाडी रंगात पुढे उमटते, उजवा बाण दाबला की झालं. ती आपलीच कालची कमांड असते, त्यात सवय बिघडण्यासारखं काही नाही.

मला फटका बसला तो स्क्रिप्टमध्ये. जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद. सर्व्हर बंद करण्याआधी घरून, मोबाइलच्या नेटवर, शेवटचा बॅकअप बघितला तर तो 11 दिवसांपूर्वीचा! स्क्रिप्टमधली अट मी दुहेरी चौकोनी कंसात लिहिली होती. हाताने बॅशमध्ये चालवली तेव्हा नीट चालली, म्हणून ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकली, पण बॅशऐवजी एसएच लावून. उबुंटू लिनक्समध्ये 6.10 आवृत्तीपासून, म्हणजे 2006 पासून, एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल. त्याला हा कंस कळत नाही. कमांड सापडली नाही म्हणतो, अट खोटी धरतो आणि बॅकअप न घेताच पुढे जातो. त्याचा निरोप जायचा तो कुणीच न उघडणाऱ्या मेलमध्ये. त्या रात्री हाताने बॅकअप घेताना बॅटरीकडे बघत बसलो होतो.

डॅशचा दोष नाही. तो लहान आणि चपळ आहे म्हणूनच तिथं बसवलाय; बॅशच्या मॅन्युअलमध्ये तर त्रुटींखाली सरळ लिहिलंय की तो फार मोठा आणि फार संथ आहे. पण उबुंटूतल्या त्याच डॅशमध्ये टाइप करायला बसा: वरचा बाण दाबला की मागची कमांड येत नाही, कंसांचा कचरा उमटतो.

तुमची भीती खरी ठरते ती एका ठिकाणी. फाइल उडवण्याआधी विचारणारा एलियस (कमांडच्या नावाला जोडलेला आपला बदल) लावू नका. हात त्या प्रश्नावर विसंबतो, आणि दुसऱ्या सर्व्हरवर कुणी विचारत नाही. दर एंटरला गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) स्थिती तपासणारा प्रॉम्प्टही, म्हणजे कमांडच्या ओळीआधी दिसणारा मजकूर, मी काढून टाकला, कोडच्या मोठ्या रेपोत तो रेंगाळतो.

बॅशचा तुकडा फिशमध्ये पेस्ट करून अडलात, तर बॅश टाइप करून आत जा, काम उरका, बाहेर या. आणि क्रॉनमध्ये टाकण्याआधी स्क्रिप्टची पहिली ओळ एसएचची ठेवून शेलचेक हा चुका शोधणारा प्रोग्रॅम चालवा. तो दुहेरी कंस लगेच दाखवतो.