काच फोडू की नको?

प्रश्न : ताई, मागे भर दुपारी पार्किंगमधे एका बंद गाडीत कुत्रा दिसला, जोरजोरात धापा टाकत होता, तोंडातून लाळ गळत होती. आजूबाजूला चारपाच जण होते पण कोणी नुसतं बघतंय, कोणी व्हिडिओ काढतंय. मलाही काय करावं सुचेना. मग मालक आला आणि आमच्यावरच खेकसला, काच थोडी उघडी ठेवलीये ना, तुम्हाला काय करायचंय? खरंच दुसऱ्याच्या गाडीला हात लावावा का? आत लहान मूल असेल तर? आणि काच फोडली म्हणून आपल्यावरच केस झाली तर?
– एक वाचक

उत्तर : आधी त्या मालकाचं बोलणं घेऊ, कारण हा गैरसमज खूप जणांचा असतो. काच जराशी खाली ठेवून काहीही फरक पडत नाही. अमेरिकेत याची मोजमापं झालीत, ती 2005 मधे छापून आली. उन्हातली बंद गाडी तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने तापली, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा थोड्या उघड्या ठेवूनही आकडे जवळपास तेच आले. म्हणजे बाहेर हवा छान आहे, 22 अंशच आहे, तरी आत 44 होऊ शकतं. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, आणि आतली हवाच गरम आणि दमट झाली की त्या धापांचाही उपयोग होत नाही. त्यामुळे "मालक येईलच पाच मिनिटांत" हे मला अजिबात पटत नाही, तो किती वेळापूर्वी गेलाय ते आपल्याला कुठे माहीत असतं?

हात लावावा का, तर हो, लावावा. पण घड्याळाकडे बघून नाही, आतल्या जिवाकडे बघून ठरवा. काचेवर जोरात टकटक करा. मूल किंवा कुत्रा बघतोय, हालचाल करतोय तर आधी सगळी दारं आणि डिकी ओढून बघा, एकाला इमर्जन्सी नंबरला फोन लावायला सांगा, दुसऱ्याला जवळच्या दुकानात गाडीचा नंबर सांगून अनाउन्समेंट करायला पाठवा. असं नाव घेऊन, बोट दाखवून काम दिलं नाही ना तर सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात, तुम्ही पाहिलंतच. इलेक्ट्रिक गाडी असेल तर आत एसी चालू असूनही आवाज येत नाही, स्क्रीनवर तापमान दिसतंय का तेही बघा.

पण प्रतिसाद नसेल, मूल लालबुंद होऊन मलूल पडलं असेल, कुत्रा झोकांड्या खात असेल, उलटी करत असेल, तर थांबू नका, काच फोडा. पुढची मोठी काच नाही, ती फुटून खाली पडत नाही. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा, हाताला जाड कपडा गुंडाळा, तोंड फिरवा आणि पान्यासारख्या टणक वस्तूने मधे न मारता कोपऱ्यात मारा.

केसची भीती मी समजू शकते. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. अमेरिकेत टेनेसी राज्याने 2014 मधे मुलांना सोडवणाऱ्यांना संरक्षण दिलं, कॅलिफोर्नियात 2017 पासून प्राण्यांसाठीही आहे. तिथल्या अटी कुठेही उपयोगाच्या आहेत : दार खरंच लॉक आहे हे बघणं, आधी पोलिसांना कळवणं, गरजेपुरतीच तोडफोड आणि पोलिस येईपर्यंत तिथेच थांबणं. व्हिडिओ काढायचाच तर हे सगळं दिसेल असा काढा, पुरावा होतो. आणि समजा भरपाई द्यावी लागली तरी ती एका काचेची असेल, मी तरी देईन.

प्रश्न : बाहेर काढल्यावर लगेच काय करायचं? आणि अशा आईबापांना माफ कसं करायचं?
– एक आई

उत्तर : आधी सावली, कपडे सैल करा किंवा काढा, अंगावर साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. कुत्र्यालाही हेच, फक्त ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. गार करणं आधी, पळवत नेणं नंतर.

आईबापांचं म्हणाल तर जाणूनबुजून सोडून जाणारे असतात तसे खरंच विसरणारेही असतात. रोजच्या सवयीचा रस्ता लागला की मेंदू आपोआप ऑफिसलाच नेतो आणि मागे झोपलेलं बाळ डोक्यातून निसटतं, चांगल्या, काळजी घेणाऱ्या माणसांचंही असं झालंय. म्हणून तिथे भांडत बसू नका, ते पोलिसांवर सोडा. मूल किंवा कुत्रा पाणी पिऊन ताजातवाना दिसला तरी डॉक्टरकडे न्यायचाच, किडनीला झालेली इजा कधीकधी एकदोन दिवसांनी कळते.